नमुना उत्तर

करिअर कक्षाच्या लोखंडी कपाटात फाइली कमी आणि कोट जास्त होते. काळे, एकसारखे, कुणाच्याच मापाचे नसलेले. ज्या मुलांकडे मुलाखतीला घालायला कोट नाही त्यांनी इथून न्यायचा, घालायचा आणि परत आणून द्यायचा, अशी पद्धत. हे देणंघेणं सराव सरांकडे.

सराव सर हे काही त्याचं नाव नाही. विद्यापीठातल्या मुलांच्या खोट्या मुलाखती घेऊन त्यांना खऱ्या मुलाखतींसाठी तयार करणं हे त्याचं काम, म्हणून मुलांनी ते नाव पाडलेलं. सर म्हणायचं म्हणून म्हणायचे, वयाने तो त्यांच्या मोठ्या भावाएवढाच. काही वर्षांपूर्वी तो स्वतः याच कक्षाबाहेरच्या बाकावर नखं कुरतडत बसायचा. नोकरी कुठेच लागली नाही. लागली ती इथेच, दुसऱ्यांना नोकरी कशी लागते हे शिकवायची. त्याची ताई यावर अजून हसते.

त्या दिवशी दुपारी छोटी कोट परत करायला आली. घरात धाकटी म्हणून छोटी. एकदा तिच्या मैत्रिणीने भर वर्गात त्याच नावाने हाक मारली, तेव्हापासून ती सगळ्या कॉलेजची छोटी झाली. तिच्या आईची लॉन्ड्री होती. त्यामुळे बाकीची पोरं कोट चुरगाळून टेबलावर टाकायची, पण हिने बाह्या आत घेऊन, कॉलर वर करून, दुकानातून नवा आणल्यासारखा घडी घालून ठेवला. आणि तिथेच उभी राहिली.

"कशी गेली?" त्याने विचारलं.

"सर, मी खोटारडी दिसते का?"

तो हसला. "का गं, काय झालं?"

"मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, कठीण प्रसंग सांगा. मी आपला दुकानातला सांगायला लागले. चिठ्ठ्या कशा भिजल्या, कपडे कसे एकात एक मिसळले. तर बाईंच्या शेजारचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यातला एक म्हणतो, तुमच्याकडे पण लॉन्ड्री? आज सगळ्यांच्याच घरी लॉन्ड्री निघाली." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं. "मला काही कळेना. मी पुढे सांगत गेले. शेवटी बाई म्हणाल्या, आणि डॉक्टरांच्या कोटाचं काय झालं? मी म्हटलं, कुठले डॉक्टर? तर हसायलाच लागले. म्हणाले, पाठांतर अर्धवट राहिलं वाटतं."

सराव सरच्या हातात कोट होता. तो कपाटात टांगायचा राहून गेला.

"मग?"

"मग काय. धन्यवाद, कळवू. कळवलं पण. यादी लागली खाली, माझं नाव नाही." तिने दाराकडे एकदा पाहिलं. "सर, हे बडबडीचं काम आहे."

"कुणाचं?"

"बडबडी. माझी मैत्रीण. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हो. ज्या दिवशी चिठ्ठ्या भिजल्या त्या दिवशी ती दुकानातच होती, कपडे वाळत घालायला तिनेच मदत केली. आता तुम्हीच सांगा, कॉलेजात ही गोष्ट माहीत कुणाला? मला, तिला आणि तुम्हाला. तुम्ही तर सरच. तिनेच कुणाला तरी मसाला लावून सांगितली असणार. वर तो डॉक्टर पण तिनेच घुसडला. आमच्याकडे कुठलाच डॉक्टर येत नाही."

सराव सर हातातल्या कोटाची घडी उगाच परत घालायला लागला. कारण डॉक्टर बडबडीने घुसडला नव्हता. डॉक्टर त्याने घुसडला होता.

"बघतो मी," तो म्हणाला. "तू आता घरी जा."

"तिला मी सकाळीच सांगून आले, परत माझ्या दारात येऊ नकोस." हे बोलताना तिचा आवाज जरा फाटला. मग ती गेली.

झालं असं होतं.

महिन्याभरापूर्वी छोटी सरावाला आली होती. नेहमीचा प्रश्न त्याने टाकला, तुमच्यावर आलेला एखादा कठीण प्रसंग. ती म्हणाली, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही सर, कॉलेज सुटलं की मी आईच्या दुकानात इस्त्री करते. तो म्हणाला, मग तेच सांग. ती म्हणाली, ते काय सांगायचं? त्याने खणत खणत तिच्याकडून काढून घेतलं, आणि जे निघालं ते ऐकून पेन खाली ठेवलं.

लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ उघडा टाकून गेलं होतं. रात्रभर पाणी झिरपलं. सकाळी दुकान उघडलं तर कपड्यांना टाचलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची शाई धुऊन गेलेली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग, आणि कोणता कुणाचा, काही पत्ता नाही. आई मटकन खाली बसली. छोटीने दुकानामागच्या बोळात दोऱ्या बांधल्या, सगळे कपडे टांगले आणि घरोघर जाऊन लोकांना बोलावून आणलं, या आणि आपापले ओळखा. तेव्हा तिच्या लक्षात आलं की माणसं कपडा रंगावरून ओळखत नाहीत. माणसं ओळखतात तुटलेल्या बटणावरून, रफू केलेल्या कोपरावरून, घट्ट केलेल्या कमरेवरून. एक आजोबा तर नुसता खिसा उलटा करून म्हणाले, हा माझा, हे भोक माझ्या किल्लीचं. सगळे कपडे गेले. एक राहिला नाही. त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात चिठ्ठ्या बंद. प्रत्येक घराचा एक रंग, आणि त्या रंगाच्या दोऱ्याचा टाका कॉलरच्या आतल्या बाजूला.

"हे तू पार्सल कंपनीला सांग," तो तेव्हा म्हणाला होता. "त्यांचं सगळं दुखणं हेच आहे. कुठलं पार्सल कुणाचं."

छोटीला तीच कंपनी हवी होती. कंपनीचं गोदाम दुकानाच्या रस्त्याच्याच टोकाला. बाकीच्या सगळ्या कंपन्या दुसऱ्या शहरांतल्या. आईचं मनगट इस्त्री धरून धरून कामातून गेलेलं, संध्याकाळी मोठं कापड छोटीलाच उचलावं लागायचं. म्हणजे नोकरी ही, नाहीतर मग तीच इस्त्री.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या आठवड्यात मोठ्या वर्गाला तोच प्रश्न शिकवायचा होता. मुलांनी आपापले कठीण प्रसंग सांगितले. एकाचा मोबाइल हरवला होता. दुसऱ्याने गटाने मिळून प्रोजेक्ट केला होता, वेळेत. तिसऱ्याने पण. वर्ग जांभया द्यायला लागला. सराव सरला घाम फुटला. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, समजा, तुमच्या मावशीची लॉन्ड्री आहे.

आधी त्याच्या मनात नुसतं उदाहरण द्यायचं होतं. पण पाण्याचं सांगितलं आणि मागच्या बाकावरच्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले. बोळातल्या दोऱ्या सांगितल्या आणि वर्ग असा शांत झाला की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्याच्यासाठी असा शांत झालेला वर्ग त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याला ते चढलं. शेवट त्याला जरा फिका वाटला, म्हणून जाता जाता त्याने एक डॉक्टर आणला. डॉक्टरांचा पांढरा कोट त्या ढिगात अडकलाय, तासाभरात त्यांचं ऑपरेशन आहे, आणि तुम्ही तो खिशावरच्या औषधाच्या डागावरून शोधून पळत नेऊन देता. एका मुलीने टाळ्या वाजवल्या.

आता ऑपरेशनला डॉक्टर घरचा कोट घालून जात नाही हे त्यालाही माहीत होतं. पण टाळ्या वाजल्यावर कोण विचार करतो? मग दुसऱ्या वर्गाला सांगितली. मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी म्हणाला, हे नुसतं नमुना उत्तर आहे, तुम्ही तुमचं सांगा. पण ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही तो नमुनाच उचलणार, हे त्याला कळायला हवं होतं. त्याचंच तर ते काम.

छोटी जाऊन थोडा वेळही झाला नसेल, तोच लंबू आला. दारातून वाकून आत येणारा हा एकच विद्यार्थी, म्हणून लंबू. चेहरा नुसता फुललेला.

"सर, लागली. पार्सलवाल्यांकडे. तुमच्यामुळे."

"अभिनंदन."

"तुमची ती मावशीची लॉन्ड्री काय चालली सर. मी काकाची केली, म्हणजे वेगळी वाटावी. डॉक्टर आला तेव्हा त्या बाई अशा पुढे झुकल्या होत्या खुर्चीत." त्याने झुकून दाखवलं. "आमच्यातल्या अजून दोघांनी पण तीच सांगितली म्हणे, पण त्यांना जमली नाही. सांगायला पण अंगात असावं लागतं ना सर?"

"हो," सराव सर म्हणाला. "असावं लागतं."

शेजारच्या खोलीतून मॅडमनी ऐकलं. मॅडम म्हणजे कक्षाच्या प्रमुख. किती मुलांना नोकऱ्या लागल्या याचा तक्ता त्यांच्या खुर्चीमागे लावलेला, आणि एखादी नोकरी लागली की त्या स्वतः उठून त्यावर हिरवा ठिपका चिकटवायच्या. ठिपका हातात घेऊनच त्या दारात आल्या.

"कुठली गोष्ट रे ही? सगळी पोरं लॉन्ड्री लॉन्ड्री करतायत. चांगली आहे म्हणे. आपण तिचा छोटा व्हिडिओ करू, सगळ्या विभागांना पाठवू. तू बोल, तुझा चेहरा बरा आहे."

"मॅडम, ती..."

"ती काय?"

"काही नाही. बघतो."

दिवसात दुसऱ्यांदा तो बघतो म्हणाला. आणि बघत काहीच नव्हता.

तो ताईकडे राहायचा. संध्याकाळी ताई भाजी चिरत होती, भावोजी टीव्हीसमोर. याने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याने स्वतःची बाजू बरीच नीट मांडली. वर्ग जांभया देत होता, मॅडमचा दबाव असतो, नमुना म्हणून दिलं होतं, मुलांनी असं करायला नको होतं.

ताईने विळीवरून मान वर केली नाही. "तू स्वतः मुलाखतींना जायचास तेव्हा काय सांगायचास रे, कठीण प्रसंग म्हणून?"

"गटाने प्रोजेक्ट केला होता ते."

"वेळेत?"

"हो."

"म्हणजे तुझ्याकडे स्वतःची गोष्ट नव्हती, म्हणून तू तिची वाटलीस."

"ताई, तसं नाही."

"मग कसं?" ताई म्हणाली. "आणि त्या दुसऱ्या पोरीचं काय? ती आपली घरी बसून विचार करत असेल, मी केलं तरी काय."

भावोजी बाहेरून म्हणाले, "जेवायला वाढा, मग रडवा त्याला." पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातले सगळे कोट गोळा केले. धुवायला टाकायचे झालेच होते, हे निमित्त. छोटीला आज सांगायचंच, असं ठरवून तो लॉन्ड्रीत गेला.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर हँगरांची रांग, खाली टेबलावर जाड घोंगडी, त्यावर करपलेल्या खुणा. वाफेचा आणि खळीचा वास. छोटी नव्हती. काकू, म्हणजे छोटीची आई, एकट्याच होत्या, डाव्या हाताने उजवं मनगट धरून इस्त्री फिरवत होत्या, म्हणजे एका हाताच्या कामाला दोन हात.

"या या सर," काकूंनी इस्त्री उभी केली. "बसा. तो स्टूल ओढा. ती बाजूला बटणं आणायला गेलीय. कालपासून तोंडात घास नाही तिच्या."

"हो, मी त्याचसाठी..."

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही तुमचं केलंत. तुमच्याकडून आली ना त्या दिवशी, तेव्हा मला म्हणाली, आई, सर म्हणाले हे पण अनुभवात धरतात, इस्त्रीचं. मी म्हटलं, चल, काहीतरीच." काकू हसल्या. "इतकी वर्षं करतेय, मला कुणी अनुभव म्हटलं नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बाई, कडक नाही झाली."

सराव सर स्टुलावर बसला. जे शब्द त्याने रस्त्याने येताना जुळवले होते ते एकेक करून गळून गेले.

"त्या दोघींचं मात्र वाईट झालं," काकू म्हणाल्या. "बडबडी रोज संध्याकाळी यायची. शाळेपासूनची. इथे त्या पोत्यावर बसायची आणि बोलायची. मी म्हणायचे, अगं श्वास घे. काल संध्याकाळी दुकान इतकं गप्प होतं की मला इस्त्रीचाच आवाज नकोसा झाला. पण छोटी म्हणते तिने विश्वासघात केला. खरं-खोटं मला काय माहीत? तुम्हाला काय वाटतं, सर?"

आता बोल. बोल आता.

"असं लगेच ठरवू नये," तो म्हणाला.

काकूंनी मान हलवली, जणू काही फार शहाणपणाचं ऐकलं. मग त्यांनी कोट एकेक करून उलटवले, कॉलर चाचपली. "तुमच्या कक्षाला रंग द्यायला हवा. कुठला देऊ? निळा एका घराचा आहे, पिवळा पण गेला. तपकिरी चालेल?" आणि सुईत दोरा ओवून त्या तिथेच टाके घालायला लागल्या, सुई डाव्या हातात धरून, वाकडे, मोठे टाके. तो बघत राहिला. मग घाईचं काहीतरी कारण सांगून निघाला. रस्त्यात कोपऱ्यावर त्याला लांबून छोटी येताना दिसली आणि तो, सरळ सांगायचं तर, पलीकडच्या फुटपाथवर गेला.

त्या फुटपाथवरच त्याला स्वतःची किळस आली. आपण लाजलो, घाबरलो असं काहीही म्हणता आलं असतं, पण विद्यार्थिनीला बघून रस्ता ओलांडणारा सर, हे त्याला कुठेच बसवता येईना.

कक्षात आल्या आल्या त्याने पार्सल कंपनीच्या त्या बाईंना फोन लावला. मुलाखत घेणाऱ्या अधिकारी. नंबर त्याच्याकडे होताच, मुलं पाठवायला नेहमी बोलणं व्हायचं.

"मॅडम, ते लॉन्ड्रीवालं उत्तर."

पलीकडून हसू आलं. "अरे देवा. तुमचंच का ते? आम्ही जेवताना त्याच्यावरच बोलत होतो. शेवटची मुलगी तर बिचारी डॉक्टरच विसरली."

"ती विसरली नाही. डॉक्टर नव्हताच. गोष्ट तिची आहे. तिच्या आईचं दुकान तुमच्या गोदामाच्याच रस्त्यावर आहे, जाऊन बघा. तिने मला सरावात सांगितली, मी वर्गात वाटली, आणि वर डॉक्टर लावला. मुलांची चूक नाही. मी नमुना म्हणून दिली, त्यांनी घेतली."

पलीकडचं हसू थांबलं.

"पण ती अडखळत होती हो," बाई म्हणाल्या. "तो उंच मुलगा कसा धडाधड बोलला."

"त्याला पाठ होती. ही आठवून सांगत होती."

"हं." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "उंच मुलाचं काय करू म्हणता?"

या प्रश्नाची त्याला फोन लावतानाच भीती वाटली होती. "त्याला माझ्यामुळे..."

"नाही, त्याला काही करत नाही. त्याला आम्ही गोष्टीवर नव्हतं घेतलं, आकडेमोड चांगली होती म्हणून घेतलं. गोष्टी ऐकून कोण माणसं घेतं? गोष्टीवरून फक्त नाकारतात." मग आवाज कोरडा झाला. "एक जागा अजून धरून ठेवलीय. तुम्ही मला जे सांगितलंत ते लिहून पाठवा, तुमच्या प्रमुखांच्या सहीने. मी तिला परत बोलावते. शब्द देत नाही, फक्त बोलावते. आणि पुढच्या वर्षीपासून तुमच्या मुलांना आम्ही जरा खोदून विचारणार, हेही तुमच्या प्रमुखांना सांगा."

त्याने लिहिलेलं पत्र कक्षातल्या मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. परत घातला.

"मी व्हिडिओ कुणाला कुणाला कबूल केलाय, माहितेय तुला?"

"हो, मॅडम."

"पोरगी विश्वासाने सांगते आणि तू वर्गात वाटतोस. अरे, आपल्याकडे दुसरं आहे काय? कोट आणि विश्वास. कोट पण लोकांनी दिलेले." त्यांनी सही केली, इतकी जोरात की पेनने कागद जरा फाटला. "उद्यापासून मुलाखतींचा सराव बंद तुझा. फोनवर बस."

फोन म्हणजे पास होऊन गेलेल्या मुलांना काही महिन्यांनी फोन करून विचारायचं, सध्या काय करता. कक्षातलं सगळ्यात रटाळ काम.  खरं तर त्याला जरा बरंच वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटलं. शिक्षा झाली की सुटलो असं त्याला वाटायला लागलं होतं, आणि जिला सांगायचं तिला अजून सांगितलंच नव्हतं.

कोट आणायला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. छोटी टेबलाशी होती, कुणाची तरी मोठी चादर अंगावर घेऊन घडी घालत. काकू मागे पावडर भिजवत होत्या.

"सर, कंपनीतून फोन आला होता," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर रंग होता. "परत बोलावलंय. तुम्ही बोललात ना? मला माहीत होतं, तुम्ही काहीतरी करणार."

"छोटी, ती गोष्ट बडबडीने नाही सांगितली. मी सांगितली."

तिचे हात थांबले. चादर अर्धी टेबलावर, अर्धी हातात.

"वर्गात. नमुना म्हणून. बऱ्याच वर्गांत."

"माझं नाव सांगून?"

"नाही. मावशीची लॉन्ड्री म्हणून."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर मी घातला."

"कशाला?"

त्याने खरं तेच सांगितलं. "शेवट फिका वाटला."

"फिका," ती म्हणाली. काकू मागून पुढे आल्या, हात पावडरने पांढरे. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कुणी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. छोटीने इस्त्री उचलली, चादरीवर टेकवली आणि सरळ रेषेत नेली, परत आणली.

"काल इथे आला होतात ना तुम्ही?" ती इस्त्रीकडे बघतच बोलली. "आई म्हणाली. तेव्हा का नाही बोललात?"

"हिंमत झाली नाही."

"मी त्या रस्त्याने येत होते. मला वाटलं, तुम्ही मला पाहिलं नाही."

 त्याने मान खाली घातली, आणि तिला कळलं.

"मी तिला दारात येऊ नकोस म्हटलं," छोटी म्हणाली. "शाळेपासून जी माझ्यासोबत आहे तिला. एकदा विचारलं पण नाही तिला की तू सांगितलंस का. कारण दुसरे तुम्ही होतात, आणि तुमच्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मी माफी..."

"माझी नंतर मागा. आधी तिच्याकडे जा. तुम्ही सांगा तिला, मी नाही. मग मी जाईन, पण आधी तुम्ही."

काकूंनी मुकाट्याने कोट काढून दिले. प्रत्येकाच्या कॉलरमागे तपकिरी टाका. "नीट धरा, घड्या मोडतील," एवढंच म्हणाल्या. या वेळी 'सर' म्हणाल्या नाहीत.

बडबडी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. दार तिनेच उघडलं. दोन्ही हातांवर कोट घेऊन उभ्या असलेल्या सराव सरकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोट विकता का आता?"

त्याने सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून, सगळं, डॉक्टरासकट. ती बडबडी म्हणून प्रसिद्ध, पण मध्ये एक शब्द बोलली नाही. झाल्यावर म्हणाली, "मला दोन दिवस वाटत होतं, मीच कुठेतरी झोपेत बोलले की काय. आईला विचारलं मी, मी झोपेत बोलते का. आई म्हणाली, तू जागेपणी थांबलीस तर कळेल ना." ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. मग तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं.

छोटीच्या दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी कपाटातला एकही कोट गेला नाही. ती न्यायला आलीच नाही. सरावालाही आली नाही. येणार तरी कुणाकडे? लंबूने नंतर सांगितलं की ती तिच्या रोजच्या कपड्यांत गेली होती, फक्त इस्त्री अशी कडक की कोट फिका पडावा. दाराबाहेर बडबडी बसली होती आणि रखवालदाराचं डोकं खात होती. छोटीला नोकरीवर घेतलं, हेही लंबूनेच सांगितलं. मॅडमनी उठून हिरवा ठिपका लावला. सराव सरने तो लांबून पाहिला. त्या ठिपक्याकडे बघून त्याला आनंद झाला, पण तो आनंद आपला नाही असं काहीतरी वाटत राहिलं, जसा दुसऱ्याचा कपडा चुकून अंगात यावा.

काही महिने गेले. तो फोनवर बसायचा. स्क्रीनवर नंबर येईल तो लावायचा, ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचा. कुणी तोडायचं, कुणी तक्रारी सांगायचं. एका दुपारी नंबर लागला आणि पलीकडून "हॅलो" ऐकताच त्याने खुर्चीत पाठ सरळ केली.

"विद्यापीठाच्या करिअर कक्षातून बोलतोय."

"बोला, सर." मागे खोकी सरकवल्याचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला तरी रॅम्प मोकळा करायला सांगत होतं.

"हे सगळ्यांना विचारावं लागतं. सध्या काय करता?"

"गोदामात आहे. परतीच्या पार्सलांचं बघते."

"कामावर समाधानी?"

"हो."

"घरी..." हा प्रश्न त्यात नव्हता. "काकूंचं मनगट?"

"पट्टा बांधतात. संध्याकाळी मी असते. बडबडी पण येते, इस्त्री करत नाही, नुसती बोलते."

त्याला बरं वाटलं. मग शेवटचा प्रश्न आला. तो गाळता येत नव्हता, उत्तर भरल्याशिवाय स्क्रीन पुढे जायची नाही.

"नोकरी मिळवताना आमच्या कक्षाची मदत झाली का? हो किंवा नाही."

पलीकडे खोकी सरकत राहिली.

"दोनच आहेत का, सर?"

"दोनच."

"मग हो लिहा," छोटी म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, तेच सांग म्हणून. त्याचं लिहा."

त्याने 'हो'वर बोट ठेवलं. फोन ठेवायला हवा होता. पण जे इतके महिने मनात घोळत होतं ते निघालंच.

"दुसऱ्या वेळी आत काय सांगितलंस गं? कठीण प्रसंग म्हणून?"

ती चिडली नव्हती, आवाजात तसं काही नव्हतं.

"ते नाही सांगणार, सर," ती म्हणाली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. तिला परत कामाला जायचं होतं. त्याने फोन ठेवला, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर पुढचा नंबर आला.